आयडाहोचे बारा

५ फेब्रुवारी २००८ च्या रात्री अमेरिकेतल्या टीव्हीवर न्यू जर्सीचा निकाल मोठ्या अक्षरांत झळकला. डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं राज्यातलं मतदान, हिलरी क्लिंटन यांनी दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकली होती. त्याच रात्री आयडाहोचाही निकाल लागला. बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं, पक्कं रिपब्लिकन राज्य. बराक ओबामांना तिथे जवळपास ८० टक्के पाठिंबा मिळाला, पण त्याची फारशी चर्चा झाली नाही. न्यू जर्सीत ११ लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं, तर आयडाहोच्या कॉकसला, म्हणजे पक्षाच्या सभांना, राज्यभरातून जेमतेम २१ हजारांच्या आसपास लोक आले होते. डेलिगेट, म्हणजे उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मात्र असे पडले: न्यू जर्सीत ५९ विरुद्ध ४८, म्हणजे क्लिंटन ११ ने पुढे. आयडाहोत १५ विरुद्ध ३, म्हणजे ओबामा १२ ने पुढे.

प्रस्थापित उमेदवाराला एखादा नवखा माणूस हरवतो तेव्हा आपण लाटेबद्दल बोलतो, भाषणांबद्दल बोलतो, तरुणाईच्या उत्साहाबद्दल बोलतो. लाट लागतेच, तिच्याशिवाय काहीच होत नाही. पण अशा लाटा अमेरिकेत दर चार-आठ वर्षांनी येतात आणि बहुतेक विरून जातात. २००८ ची विरली नाही, कारण ती कोणत्या नियमाने मोजली जाणार आहे हे ओबामांच्या माणसांनी आधी बसून वाचलं होतं. मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ते नियम मोठ्या प्रमाणात घडवले होते त्यांच्या आधी हरलेल्या बंडखोरांनी.

आपल्याकडे उमेदवारी म्हणजे तिकीट. ते पक्षश्रेष्ठींकडून येतं, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याच्या हातात एबी फॉर्म पडतो तो अधिकृत उमेदवार. बाकीचे नाराज किंवा अपक्ष. अमेरिकेत पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे मतदार ठरवतात, पण तेही थेट नाही. राज्याराज्यांतून डेलिगेट निवडले जातात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ते मत देतात. काही राज्यांत नेहमीच्या मतदानासारखी प्रायमरी होते. काही राज्यांत कॉकस, म्हणजे संध्याकाळची सभा, जिथे जाऊन उभं राहावं लागतं. जानेवारी ते जून हे चालतं.

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात, आणि त्यातले बरेचसे राज्यभराच्या बेरजेवर न वाटता काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, एकेका मतदारसंघाच्या निकालावर वाटले जातात. इथे एक साधं अंकगणित आहे. समजा लढत दोघांत आहे आणि मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत. तुम्हाला ५२ टक्के मिळाले तर वाटणी २-२. ६२ टक्के मिळाले तरी २-२. ३-१ करायचं तर ६२.५ टक्के ओलांडावे लागतात. ६ डेलिगेटच्या मतदारसंघात ४-२ साठी ५८.३ टक्क्यांच्या वर जावं लागतं. ३ डेलिगेटच्या मतदारसंघात मात्र समोरच्यापेक्षा एक मत जास्त पडलं तरी २-१. म्हणून विषम आकड्याच्या मतदारसंघात अटीतटीची लढत असेल तर पैसा आणि माणसं तिथे ओतायची. आणि प्रतिस्पर्ध्याच्या बालेकिल्ल्यात, ४ च्या मतदारसंघात, जिंकायचा नाद सोडून ३८ टक्के सांभाळायचे, कारण तेवढ्यात निम्मे डेलिगेट पदरात पडतात.

हे एकदा डोक्यात बसलं की २००८ चे निकाल वेगळेच दिसायला लागतात. नेवाडात क्लिंटन यांना ५१ टक्के, ओबामांना ४५, पण डेलिगेट ओबामांना १३ आणि क्लिंटन यांना १२, कारण ओबामांनी लास वेगासच्या बाहेरचे विषम आकड्याचे भाग धरले होते. कॅलिफोर्नियात क्लिंटन आठ टक्क्यांनी जिंकल्या आणि डेलिगेट झाले २०४ विरुद्ध १६६. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियासाठी दोन्ही बाजू सहा आठवडे झुंजल्या, जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा गेला, क्लिंटन नऊ टक्क्यांनी जिंकल्या. ८५ विरुद्ध ७३. आघाडी १२. आयडाहोइतकीच.

आयोवाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सगळा डाव तिथे मांडला गेला होता. क्लिंटन यांच्याच प्रचारातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याने मे २००७ मध्ये, आयोवा सोडून द्या, तिथे पैसा आणि वेळ फार जाईल, असं टिपण लिहिलं होतं. ते फुटलं, आणि त्यानंतर आयोवा सोडणं त्यांना शक्यच राहिलं नाही.

३ जानेवारी २००८ ला आयोवात १,७८१ ठिकाणी कॉकस झाले. शाळेची जिम, चर्चचं तळघर, वाचनालय, अग्निशमन केंद्र. संध्याकाळी सातच्या आत रांगेत असलेल्या प्रत्येकाला आत घ्यायचं. पक्षाचा सदस्य नसाल तर दारातच फॉर्म भरून सदस्य होता येत होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर १७ वर्षांच्या मुलालाही भाग घेता येत होता. ओबामांच्या माणसांनी या दोन कलमांवर वर्षभर काम केलं. ते शाळाशाळांत गेले, अपक्ष मतदारांच्या घरी गेले. आत आल्यावर गुप्त मतदान नाही. ओबामांचे लोक या भिंतीशी, तिसरे प्रमुख उमेदवार जॉन एडवर्ड्स यांचे त्या भिंतीशी, क्लिंटन यांचे खिडकीपाशी. शेजारी, मालक, सासू, सगळ्यांच्या देखत.

आता एक काल्पनिक खोली घेऊ. २०० माणसं, ६ डेलिगेट (राष्ट्रीय अधिवेशनाचे नव्हेत, जिल्ह्याच्या पातळीवरच्या पुढच्या फेरीचे). पहिल्या मोजणीत ओबामा ७८, एडवर्ड्स ६०, क्लिंटन ३८, रिचर्डसन १५, बायडन ९. चार किंवा जास्त डेलिगेटच्या खोलीत टिकायला १५ टक्के लागत, म्हणजे इथे ३०. रिचर्डसन आणि बायडन यांचे गट बाद. त्या २४ माणसांना दुसऱ्या गटात जाण्यासाठी अर्धा तास मिळतो. तेवढ्या वेळात समोरच्या गटाचे कार्यकर्ते त्यांच्याभोवती जमतात, हात धरून नेतात, नवरा-बायकोंत वाद होतात. समजा एडवर्ड्स ६० वरच राहिले आणि हे २४ जण ओबामा आणि क्लिंटन यांच्यात विभागले गेले. ८ ओबामांकडे आणि १६ क्लिंटन यांच्याकडे गेले तर ओबामा ८६, क्लिंटन ५४. गटाची संख्या गुणिले ६ भागिले २००: ओबामा २.५८, एडवर्ड्स १.८, क्लिंटन १.६२. पूर्णांक करताना ३, २, २ होतात, बेरीज ७. एक जास्त. तो ज्याचा अपूर्णांक सगळ्यात लहान त्याच्याकडून काढतात, म्हणजे ओबामांकडून. निकाल २-२-२. पण ओबामांकडे ९ आले आणि क्लिंटन यांच्याकडे १५ गेले तर ओबामा २.६१, क्लिंटन १.५९, आणि जाणारा डेलिगेट क्लिंटन यांचा. निकाल ३-२-१. एका माणसाने ही खोली बरोबरीतून विजयाकडे जाते.

म्हणून खोलीतल्या आपल्या गटाच्या प्रमुखाला आधी तालीम द्यावी लागते. तालमीच्या नकली कॉकसमध्ये कार्यकर्ते पिझ्झाच्या आवडीवर गट पाडून सराव करत. प्रमुखाकडे पाठिंब्याची कार्डं भरलेल्यांची यादी हवी. सहा वाजल्यापासून कोण आलं नाही त्याला फोन करायला एक माणूस, कोपऱ्यात मुलं सांभाळायला एक, आणि बाद होणाऱ्या गटांत ज्याच्या ओळखी आहेत असा निदान एक. आणि कॅल्क्युलेटर. अपूर्णांकाचा नियम सभेच्या अध्यक्षालाच ठाऊक नाही असं होतं, तेव्हा नियमाचं पान दाखवणारा आपला माणूस जागेवर लागतो.

यात फसगत कुठे होते? प्रत्येक खोलीचे डेलिगेट मागच्या निवडणुकांतल्या पक्षाच्या मतांवर आधीच ठरलेले असतात. विद्यापीठाच्या गावात हजारभर विद्यार्थी दाटीवाटीने जमले तरी तिथले डेलिगेट वाढत नाहीत. शेतीप्रधान तालुक्यात २५ माणसांच्या खोलीत चार जास्तीची माणसं आणली तर एक डेलिगेट हलतो. २००४ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन यांचा घात बराचसा असाच झाला. त्यांनी बाहेरच्या राज्यांतून साडेतीन हजार स्वयंसेवक आणले, भडक केशरी टोप्या घातलेले, आणि ते शेवटच्या दिवसांत दारोदार फिरले. आयोवाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आपल्या दारात परक्या राज्यातला पोरगा येऊन मत कुणाला द्यायचं ते सांगतोय हे आवडलं नाही. पाठिंब्याचे आकडेही कागदावर फुगले होते. डीन १८ टक्क्यांवर तिसरे आले. ओबामांच्या संघटकांना म्हणूनच महिनोन्‌महिने आधी एकेका गावात मुक्कामी पाठवलं गेलं. तिथेच भाड्याने राहायचं, तिथल्याच बेकरीत बसायचं, आणि फोन शक्यतो गावच्याच माणसाने करायचा.

त्या रात्री राज्यभरात २ लाख ३९ हजारांच्या आसपास लोक आले. २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास आले होते. आलेल्यांपैकी ५७ टक्के पहिल्यांदाच आले होते. ओबामा ३७.६, एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.५. ही मतांची टक्केवारी नव्हे, हे बऱ्याच जणांना आजही माहीत नसतं. डेलिगेटच्या गुणोत्तरावरून काढलेला तो आकडा होता. प्रत्यक्ष किती माणसं कुणाच्या भिंतीशी उभी होती हे पक्षाने तेव्हा जाहीरच केलं नव्हतं.

पैशाची बाजूही नियमातच दडलेली होती. त्या वेळी एका व्यक्तीला प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,३०० डॉलर देता येत, आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे २,३००. क्लिंटन यांच्या बड्या देणगीदारांनी ४,६०० चा चेक एकदाच फाडला. बातमीत रक्कम मोठी दिसली, पण त्यातली अर्धी प्रायमरीत खर्चताच येत नव्हती, आणि त्या माणसाकडून प्रायमरीसाठी पुढे एक डॉलरही घेता येत नव्हता. ओबामांना २५ डॉलर देणाऱ्याकडे पुन्हा पुन्हा मागता येत होतं. जानेवारी २००८ च्या एका महिन्यात ओबामांकडे ३ कोटी डॉलरहून अधिक जमले. त्याच महिन्यात क्लिंटन यांना स्वतःच्या खिशातून ५० लाख डॉलर प्रचाराला उसने द्यावे लागले.

५ फेब्रुवारीला एकाच दिवशी २२ राज्यांत निवडणूक होती आणि क्लिंटन यांचा आराखडा तिथेच संपत होता. त्या दिवशी सगळं आटोपेल असं धरून पुढच्या राज्यांत ना माणसं नेमली होती ना पैसा ठेवला होता. प्रचारप्रमुख डेव्हिड प्लफ यांच्या हाताखाली ओबामांच्या प्रचारात जेफ बर्मन फक्त डेलिगेटचं गणित पाहत होते, आणि त्यांनी जूनपर्यंतच्या प्रत्येक राज्याचा अंदाज आधीच मांडून ठेवला होता. आयडाहो, कॅन्सस, नेब्रास्कासारख्या कॉकसच्या राज्यांत ओबामांची कार्यालयं आधीच उघडली होती. ५ फेब्रुवारीनंतर ओबामा सलग ११ लढती जिंकले. मार्चमध्ये टेक्ससने तर कमालच केली. तिथे दिवसा प्रायमरी आणि मतदान संपल्यावर संध्याकाळी कॉकस, आणि कॉकसला यायचं तर प्रायमरीत मत दिलेलं असायला हवं. प्रायमरीत क्लिंटन ६५, ओबामा ६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, क्लिंटन २९. एकूण ओबामा ९९, क्लिंटन ९४. टीव्हीने मात्र टेक्सस क्लिंटन यांच्याच नावावर लावलं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगायलाच हवी. कॉकसबद्दलची क्लिंटन यांची तक्रार खरी होती. रात्रपाळीची नर्स, हॉटेलातली वाढपी, तान्हं मूल असलेली बाई, वॉकर घेऊन चालणारे आजोबा, यांना थंडीत संध्याकाळी दोन तास उभं राहता येत नाही. आयडाहोच्या २१ हजारांनी न्यू जर्सीच्या ११ लाखांना झाकून टाकावं हे न्याय्य नव्हतं. ओबामांच्या लोकांनी नियम मोडला नाही, नियम होता तसा वापरला. पण चांगला वापरला म्हणून तो चांगला ठरत नाही.

मग हे नियम आले कुठून? १२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशरमध्ये सिनेटर यूजीन मकार्थी यांनी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात सत्तेवर असलेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनाच आव्हान दिलं. विद्यार्थी दाढ्या आणि लांब केस कापून दारोदार फिरले, म्हातारे मतदार बिचकू नयेत म्हणून. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, ते हाताने लिहावं लागत होतं, तरीही त्यांना ४९.६ टक्के मिळाले. मकार्थींना ४२ च्या आसपास. पण २४ पैकी २० डेलिगेट मकार्थींचे. जॉन्सन यांच्या समर्थकांनी जागांपेक्षा कितीतरी जास्त डेलिगेट उमेदवार उभे केले आणि मतं आपसांत फुटली. कुणी अर्ज मागे घ्यायचा हे ठरवणारा माणूसच नव्हता. ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार जाहीर केली.

तरीही ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ह्युबर्ट हम्फ्री यांना, एकही प्रायमरी न लढता. बहुतेक डेलिगेट तेव्हा राज्याराज्यांतल्या पक्षनेत्यांच्या खिशात होते. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते. त्या संतापातून आयोग नेमला गेला. जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या या आयोगाने डेलिगेट निवड मतदारांच्या हाती दिली, आणि १९७२ मध्ये मॅकगव्हर्न स्वतः त्याच नियमांनी उमेदवार झाले. नोव्हेंबरमध्ये ४९ राज्यांत हरले. घाबरलेल्या पक्षाने पुढे १९८४ पासून सुपरडेलिगेट आणले, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी, ज्यांना कुणालाही मत देता येईल. २००८ च्या सुरुवातीला त्यांत क्लिंटन यांचं पारडं जड होतं. जूनपर्यंत निवडून आलेल्या डेलिगेटमध्ये ओबामा सव्वाशेच्या आसपास पुढे राहिले, आणि तो कौल उलटवण्याचं धाडस सुपरडेलिगेटना झालं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कलम नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी मिळवलं. १९८४ मध्ये त्यांना १८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, पण डेलिगेट त्या प्रमाणात मिळाले नाहीत. काही राज्यांत जिंकणाऱ्याला बोनस मिळत होता. १९८८ मध्ये ते पुन्हा हरले, पण यावेळी जवळपास ७० लाख मतं पाठीशी होती. त्या जोरावर वाटाघाटी करून त्यांनी बोनस बंद करायला लावला. १५ टक्के ओलांडले की प्रमाणात वाटा, सगळ्या राज्यांत, १९९२ पासून. हे नसतं तर २००८ मध्ये कॅलिफोर्नियासारख्या राज्यात क्लिंटन यांची आघाडी २०४-१६६ पेक्षा बरीच मोठी होऊ शकली असती. जॅक्सन यांच्या बाजूने १९८८ मध्ये काम केलेले हॅरल्ड इकीज वीस वर्षांनी क्लिंटन यांच्या गोटात होते. त्यांना हे गणित पाठ होतं, पण त्यांच्या प्रचाराचा आराखडा त्यावर उभा नव्हता.

कागदपत्रांत माणसं किती सहज पडतात याचं एक उदाहरण रिपब्लिकन बाजूचं. व्हर्जिनियात मतपत्रिकेवर नाव यायला १० हजार सह्या लागत, आणि त्याही राज्यातल्या प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान ४००. २०१२ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीतले न्यूट गिंगरिच स्वतः व्हर्जिनियात राहत होते आणि तरी त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलं नाही. मतदारयादीत नसलेला पत्ता, दुसऱ्या मतदारसंघातली सही, एकाच माणसाची दोनदा सही, अशा कारणांनी सह्या बाद होतात. म्हणून लागतात त्याच्या दीडपट तरी गोळा कराव्यात, आणि जमा करण्याआधी आपणच यादीशी पडताळाव्यात. शेवटी मतपत्रिकेवर मिट रॉम्नी आणि रॉन पॉल, दोघेच होते.

२०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याशी लढलेल्या बर्नी सँडर्स यांच्याकडे लाट ओबामांहून फार कमी नव्हती. ८ मार्चला मिशिगनमध्ये त्यांनी सगळे अंदाज धुळीला मिळवले आणि दीड टक्क्याने जिंकले. रात्रभर तीच बातमी. डेलिगेट ६७ विरुद्ध ६३, आघाडी ४. त्याच दिवशी मिसिसिपीत क्लिंटन यांना ८२ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, ३१ विरुद्ध ५, आघाडी २६. आयडाहोचं गणित यावेळी क्लिंटन यांच्या माणसांनी पाठ केलं होतं. न्यू हॅम्पशर सँडर्स यांनी २२ टक्क्यांनी जिंकलं, १५ विरुद्ध ९, आणि टीव्हीवरच्या तक्त्यात सुपरडेलिगेट धरून दोघे बरोबरीत दिसत होते. त्या तक्त्यांनी सँडर्स यांच्या समर्थकांचं मन जितकं कडवट केलं तितकं दुसऱ्या कशाने केलं नसेल.

एप्रिलमध्ये न्यूयॉर्क आलं. तिथली प्रायमरी बंदिस्त, फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी. १९ एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्ष बदलायची मुदत होती ९ ऑक्टोबर २०१५, सहा महिन्यांहून आधी. तेव्हा सँडर्स यांचं नावही अनेकांना नीट माहीत नव्हतं. त्यांचा आधार असलेले अपक्ष तरुण केंद्राबाहेरच राहिले. ट्रम्प यांची दोन मुलंही याच मुदतीमुळे वडिलांना मत देऊ शकली नाहीत.

सँडर्स हरले, आणि पुन्हा नियम हलले. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाने ठरवलं की निकाल आधीच स्पष्ट नसेल तर सुपरडेलिगेटनी पहिल्या फेरीत मत द्यायचं नाही. २०२० पर्यंत आयडाहो, कोलोरॅडो, मिनेसोटा, वॉशिंग्टन, मेन या राज्यांनी कॉकस सोडून प्रायमरी घेतली. आयोवाचा कॉकस त्या वर्षी निकाल मोजण्याच्या घोळात अडकला आणि नंतर डेमोक्रॅटिक वेळापत्रकातला पहिला क्रमांक त्याने गमावला. पुढच्या आव्हानवीराला आयडाहोचे बारा त्या भावात मिळणार नाहीत. न्यूयॉर्कने पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीवर आणली आहे. अमेरिकन नागरिकत्व घेतलेला क्वीन्समधला मराठी मतदार कुठल्याच पक्षात नसेल तर त्याने जानेवारीतच हा अर्ज भरावा. नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या त्याच्या भावाला घाई नाही. तो अपक्ष असेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडू शकतो. पण आधीच एखाद्या पक्षात नोंद असेल आणि ती बदलायची असेल, तर त्यालाही मतदानाच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागेल.